सलालातला खरीप

सलाला, ओमान
ऑक्टोबरचा पहिला आठवडा, हस्त नक्षत्र

तीर्थरूप आबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

यंदाच्या पावसाळ्याचा तुम्ही वहीच्या पानावर मांडलेला हिशेब दादाने फोटो काढून पाठवला, तो मी दोन-तीनदा वाचला. मृगापासून उत्तरापर्यंत प्रत्येक नक्षत्राचा पाऊस, मधली उघडीप, रोप लावणीचा दिवस आणि मलप्रभेचे पाणी कधी चढले, कधी उतरले याची टिपणे वाचताना ओसरीवर तुमच्या शेजारी बसल्यासारखे वाटले. पानाच्या तळाशी तुम्ही विचारले आहे की तुझ्याकडे यंदा पाऊस किती झाला. फोनवर या प्रश्नाचे उत्तर देताना माझे दर वेळी अर्धे सांगायचे राहून जाते, म्हणून आज शुक्रवारची सुट्टी साधून सविस्तर लिहीत आहे. आईला आणि वहिनींना वाचून दाखवा, चि. समर्थने मात्र हे स्वतः वाचावे, कारण शेवटी त्याच्यासाठी एक काम आहे.

आकडाच द्यायचा तर सलालाची वर्षाची सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास आहे. जांबोटी-कणकुंबीकडे आषाढातल्या एखाद्या रात्रीत एवढे पाणी पडून जाते आणि सकाळी त्याची कोणी चर्चाही करत नाही. तरीही जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत येथले डोंगर आपल्या चोर्ल्याच्या डोंगरांसारखे हिरवे असतात, ओढे वाहतात, रस्त्याकडेला शहाळी, केळी आणि पपया विकणाऱ्यांच्या टपऱ्या लागतात, आणि आखाती देशांतून लाखो माणसे केवळ अंगावर भुरभुर घेण्यासाठी मोटारी भरून येथे येतात. एवढ्याशा पावसात हे सारे कसे घडते, हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडला आणि तेव्हापासून मी तुमच्यासारखीच एक वही ठेवू लागलो.

नकाशावर पाहिले तर सलाला जवळजवळ आपल्याच अक्षांशावर आहे. बेळगाव सोळा अंशांच्या किंचित खाली आहे, सलाला सतराच्या जवळ. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे निघाले आणि जाता जाता थोडे उजव्या हाताला कलले, की बेळगावापासून सुमारे २,२०० किलोमीटरवर जी जमीन लागते ती धोफार प्रांताची, आणि तिच्या काठावर हे गाव आहे. मध्ये फक्त अरबी समुद्र. या समुद्रावरून पावसाळ्यात जो वारा वाहतो त्याला आणि त्या हंगामाला येथले लोक ‘खरीफ’ म्हणतात. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू. आपण भाताच्या पेरणीच्या वेळी ज्याला खरीप म्हणतो तो शब्द हाच. मोसमी वाऱ्यातला ‘मोसम’सुद्धा अरबीतल्या ‘मौसिम’वरून, म्हणजे हंगामावरून, आला आहे. अरबीतले हे शब्द आपल्या बांधापर्यंत पोहोचले, याचा मला येथे आल्यापासून फार आनंद वाटत आला आहे.

आबा, वारा तोच आहे, हे मला सर्वांत आधी सांगायचे आहे. मेच्या अखेरीस दक्षिण गोलार्धातली हवा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडते, तेथल्या उंच पठाराला अडून उत्तरेकडे वळते, सोमालियाच्या किनाऱ्यालगत तिचा वेग वाढतो आणि पुढे ती अरबी समुद्र तिरका कापत आपल्या सह्याद्रीवर जाऊन थडकते. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर या वाऱ्याचा जोर सर्वाधिक असतो. फिंडलेटर नावाच्या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये या झोताची नीट मांडणी केली, म्हणून त्याला फिंडलेटर झोत असेही म्हणतात. या झोताची डावी कड धोफारच्या किनाऱ्याला घासून जाते. म्हणजे ज्या वाऱ्याची तुम्ही रोहिणी नक्षत्रात आभाळाकडे बघत वाट पाहता, त्याचाच एक पदर माझ्या गच्चीवरून जातो.

पण वारा अंगावरून जाऊनही येथे पाऊस मात्र पडत नाही. इतकेच काय, येथली पहिली भुरभुरसुद्धा तुमच्या पहिल्या पावसानंतर होते. माझ्या वहीत दर वर्षी हेच दिसते: जूनच्या सुरुवातीला नैर्ऋत्येचा वारा धरतो, समुद्र खवळतो, तुम्ही फोनवर मृग लागल्याचे आणि धूळवाफेच्या पेरण्या उगवल्याचे सांगता, आणि तरी येथे आभाळ बराच काळ नुसते पांढुरके राहते. धुके उतरते ते साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, तुमच्याकडे आर्द्रा लागायच्या सुमारास. याचे कारण मला पुष्कळ वाचल्यावर कळले आणि ते आभाळात नसून समुद्रात आहे.

हा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्यामुळे आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले वरच्या थरातले पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकते, आणि येथे वाऱ्याच्या उजवीकडे भर समुद्र आहे. म्हणजे किनाऱ्यालगतचे तापलेले पाणी आत ओढले जाते आणि त्याच्या जागी खोलातले गार पाणी वर येते. हे एका दिवसात होत नाही. वारा दोन-तीन आठवडे सतत वाहावा लागतो. मे महिन्यात ज्या पाण्यात पाय घातला तर कोमट लागते, तेच जुलैत चटका बसावा इतके गार लागते. या गार पाण्यावरून येणारी दमट हवा खालून थंड होते, तिच्यातली वाफ सांद्र होऊन बारीक थेंब बनतात आणि समुद्रावरच धुक्यासारखा ढग तयार होतो. तो ढग किनारपट्टीचे मैदान ओलांडून मागच्या करा डोंगराच्या उतारावर चढतो आणि तेथेच अडकून राहतो.

अडकून राहतो, कारण त्याच्या डोक्यावर झाकण आहे. डोंगराच्या पलीकडे रुब-अल-खालीचे वाळवंट आहे आणि तिकडची तापलेली, कोरडी हवा या गार ढगाच्या वर येऊन बसते. खाली गार आणि वर गरम अशी उलटी रचना झाली की ढगाला वर वाढता येत नाही. तुमच्याकडे मात्र तीच हवा उबदार समुद्रावरून आणखी दोन हजार किलोमीटर चालत, वाफ पीत येते, सह्याद्रीच्या भिंतीवर चढते आणि डोक्यावर झाकण नसल्यामुळे उंचच उंच ढग होऊन कोसळते. तुमच्या ढगाला उंची आहे. आमच्या ढगाला फक्त पसरटपणा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये येथले दिवसाचे तापमान २८ अंशांच्या आसपास राहते, रात्रीचे २४ च्या, आणि कित्येक दिवस सूर्य म्हणजे ढगाआडचा एक उजळ डाग असतो. गेल्या खरीपात एकवीस दिवस असे गेले की माझ्या वहीत सावली पडल्याची नोंद नाही.

या भुरभुरीचे मोजमाप कसे करावे, यात माझी पहिली दोन वर्षे गेली. तुम्ही जशी सरळ भिंतीचा डबा अंगणात ठेवून सकाळी साडेआठला पट्टी बुडवता, तसाच मी गच्चीवर बिस्किटांचा गोल डबा ठेवला होता. रात्रभर भुरभुर होऊन पहाटे कपडे पिळण्याइतके ओले व्हायचे, गच्चीच्या कठड्यावरून पाणी ओघळायचे, आणि डब्यात पाहावे तर कडा ओल्या, तळ ओला, पण पट्टी बुडण्याएवढे पाणी नाही. आपल्याकडे बुरंगट म्हणतो त्याहूनही हे थेंब बारीक असतात. ते खाली पडण्यापेक्षा वाऱ्याबरोबर आडवे जातात, आणि आडवे जाणारे पाणी वर तोंड करून ठेवलेल्या डब्यात येत नाही. हे लक्षात येण्यासाठी मला डोंगरावर जावे लागले.

ऐन खरीपातल्या एका शुक्रवारी मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका डोंगराळ भागातल्या गृहस्थांसोबत त्यांच्या गावाकडे गेलो होतो. डोंगरातले हे लोक घरात जिबाली बोलतात, जी अरबीहून निराळी भाषा आहे. घरात एक भाषा आणि सरकारी पाटीवर दुसरी, यात आपल्या खानापूरच्या माणसाला नवल वाटण्यासारखे काही नाही, आणि कदाचित म्हणूनच आमचे पहिल्या दिवसापासून जमले. मी दोन सारखे डबे बरोबर नेले होते. एक उघड्या गवतात ठेवला आणि एक झाडाखाली. ते झाड आपल्या धावड्याच्या जातकुळीतले आहे आणि ते जगात फक्त धोफार आणि त्याला लागून असलेल्या येमेनच्या डोंगरांत आढळते. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही तेथेच बसून होतो. धुके इतके दाट होते की वीस पावलांवरच्या गाई नुसत्या हंबरण्यावरून कळत होत्या. मी एका पानाकडे बघत राहिलो. पानाच्या वाऱ्याकडच्या अंगावर आधी धुळीसारखी बारीक लव दिसू लागली, मग तिचे मणी झाले, मणी एकमेकांत मिसळून मधल्या शिरेवरून घरंगळत टोकाशी आले, टोकाशी थेंब फुगला आणि पडला. तोवर पुढची लव धरलेली होती. प्रत्येक पानाशी हेच चालले होते आणि झाडाखाली खरोखरीचा पाऊस लागला होता. झाडाबाहेर दोन पावले टाकली की तो थांबायचा. निघताना पाहिले तर गवतातल्या डब्यात तळ जेमतेम झाकेल इतके पाणी होते, आणि झाडाखालच्या डब्यात त्याच्या तिप्पट तरी असावे.

त्या दिवशी मला शंभर मिलिमीटरचे कोडे सुटले. येथे ढग पाऊस देत नाही, झाडे तो ढगातून गाळून घेतात. हवामान खात्याच्या उपकरणात जो आकडा येतो तो नुसता वरून पडलेल्या पाण्याचा असतो. पानांनी, गवताने, दगडांवरच्या शेवाळ्याने वाऱ्यातून ओढून घेतलेले पाणी त्यात येत नाही, आणि हे डोंगर त्याच पाण्यावर जगतात. उंटांनी आणि गाईंनी जेथे झाडे ओरबाडून टाकली आहेत तेथला उतार तेच धुके अंगावरून जात असूनही उघडा आणि दगडी राहिला आहे. ते गृहस्थ मला असा एक उतार दाखवत म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या लहानपणी तेथे रान होते. तुम्ही देवराईतले वाळके फाटेसुद्धा उचलू देत नव्हता, त्याची मला त्या वेळी आठवण झाली.

ढगाची उंची किती कमी आहे हे पाहायचे असेल तर थुमरैतच्या रस्त्याने जावे. हा रस्ता सलालाहून उत्तरेकडे डोंगर चढून वाळवंटात उतरतो. जुलैत निघालो तेव्हा गावापासूनच वायपर चालू होते, चढावर सगळ्या गाड्यांचे दिवे लागलेले, दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, काचेवर पाण्याचे ओघळ. माथ्याजवळ आलो आणि पांढरे आभाळ एकदम फाटले. मोजून दोन-तीन मिनिटांत काच कोरडी झाली, निळे आभाळ आले, हिरवा रंग संपला आणि पुढे क्षितिजापर्यंत तपकिरी दगड दिसू लागले. गाडी थांबवून दार उघडले तर भट्टीचे दार उघडल्यासारखी झळ आली. मागे वळून पाहिले तेव्हा आम्ही ज्यातून आलो तो ढग खाली कापसाच्या गादीसारखा पसरला होता आणि त्याचा काठ डोंगराच्या कडेला दोरी लावून आखल्यासारखा होता. आपल्याकडेही डोंगर पाऊस वाटून टाकतो. कणकुंबीला धो धो, बेळगावात मध्यम आणि मावशीच्या अथणीला घोटभर, हे आपण लहानपणापासून पाहतो. परंतु त्यासाठी एसटीने काही तास जावे लागते. येथे ती वाटणी गाडीच्या बोनेटच्या लांबीवर दिसते, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

खरीपात समुद्र बंद असतो. लहान होड्या वाळूवर ओढून ठेवतात आणि कोकणात जसे नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात तसे येथले कोळी वारा पडेपर्यंत थांबतात. मुघसैलच्या कड्याला खालून भोके आहेत, त्यांतून लाटांचे पाणी कारंज्यासारखे कित्येक पुरुष उंच उडते आणि उडण्याआधी जमिनीखालून रेड्याने फुरफुरल्यासारखा आवाज येतो. तळातून वर आलेले गार पाणी खाद्याने भरलेले असते, त्यामुळे पुढे थंडीत तारल्यांचे थवेच्या थवे किनाऱ्याला लागतात. त्या वाळूवर पसरून सुकवतात आणि उंटांना चारा म्हणून घालतात. मासे खाणारे जनावर पाहून आईला जे वाटेल तेच मलाही पहिल्यांदा वाटले होते.

सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वारा मंदावतो, धुके एके दिवशी दुपारी उठते ते पुन्हा बसत नाही, आणि ‘सरब’ नावाचा हंगाम सुरू होतो. आत्ता तोच चालू आहे. हा येथला सर्वांत सुंदर काळ आहे, कारण हिरवे डोंगर अजून हिरवेच असतात आणि त्यांच्यावर आता ऊन पडलेले असते. निसरड्या उतारांमुळे आणि माश्यांमुळे खरीपात मैदानात आणून ठेवलेले उंट आता कळपांनी डोंगरावर परत जातात आणि त्यांच्यासाठी रस्त्यावरची वाहतूक थांबते. आखातात लोक सुहैल ताऱ्याच्या उगवण्यावरून उन्हाळा उतरल्याचे ओळखतात. हा सुहैल म्हणजे आपला अगस्ती. अगस्ती उगवला की ओढ्याचे गढूळ पाणी निवळते, असे आजी सांगत असे. ऑगस्टमध्ये धुक्यामुळे मला तो दिसत नाही, परंतु आता पहाटे गच्चीवर गेले की दक्षिणेला अगदी खाली, समुद्रावर, तो लखलखत असतो. तुम्हीही पहाटे गोठ्याकडे जाताना दक्षिणेला नजर टाका. दोघांनाही तो साधारण तेवढ्याच उंचीवर दिसेल.

हिवाळ्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. दिवसा २७-२८ अंश, रात्री कधी १८ पर्यंत, आकाश निरभ्र, आणि रोज ठरल्या वेळी खारे वारे व मतलई वारे. या शांततेत मधूनच ‘बलात’ येतो. हा वाळवंटातून समुद्राकडे वाहणारा उत्तरेचा वारा डिसेंबर ते मार्च या काळात कधीही सुटतो आणि दोन-चार दिवस राहतो. तो आला की ओठ फुटतात, दाराच्या फटीतून पिठासारखी धूळ येते, आणि ज्या गच्चीवर जुलैत कपडे तीन दिवस वाळत नव्हते तेथे तासाभरात कडक होतात. हिरवे डोंगर तोवर गवताच्या पेंढीसारखे पिवळे झालेले असतात. याच कोरड्या बाजूला, जेथे धुके पोहोचत नाही पण त्याचा गारवा लागतो अशा खोऱ्यांत, येथली प्रसिद्ध धुपाची झाडे वाढतात. ती आपल्या साळईची भावंडे आहेत. उन्हाळा सुरू झाला की साल खरवडून त्यांचा चीक काढतात आणि त्याचे खडे जाळल्यावर जो वास येतो तो थेट आपल्या रवळनाथाच्या देवळातल्या आरतीचा. मागच्या खेपेस आईसाठी पाठवले होते ते हेच.

एप्रिल-मे महिने उकाड्याचे. तुमच्याकडे वळीव येऊन दुपारी गारवा करून जातो, येथे वळीव नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस तुमच्याकडे आधी येतो आणि चार-एक दिवसांनी माझ्याकडे. ऑगस्टमध्ये सूर्य परतताना क्रम उलटा होतो, पण तेव्हा आमचा सूर्य धुक्यात आणि तुमचा ढगात असतो. उकाड्याच्या या दिवसांत समुद्र तापलेला असतो आणि झाकण ठेवणारा वारा अजून यायचा असतो. वादळे येतात ती याच फटीत, किंवा पावसाळा संपल्यानंतरच्या तशाच फटीत.

२०१८ सालच्या मेकुनू वादळाबद्दल मी तुम्हाला त्या वेळी सगळे सांगितले नव्हते, कारण आई घाबरली असती. मला येथे येऊन तेव्हा एक वर्ष झाले होते. माझ्या फोनमध्ये हवेचा दाब दाखवणारी सोय आहे. आपल्या कटिबंधात हा दाब रोज भरती-ओहोटीसारखा चढतो आणि उतरतो; सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला असतो आणि मधल्या वेळी उतरलेला. हे इतके नेमाने चालते की घड्याळ लावावे. २४ मेच्या रात्री दहाला चढ आलाच नाही. २५ तारखेला तो दिवसभर उतरतच गेला आणि रात्री वादळ सलालाच्या पश्चिमेला रैसूतजवळ किनाऱ्यावर चढले. काम करतो त्या शीतगृहातली वीज गेली होती आणि आम्ही आठ-दहा जण तेथेच अडकलो होतो. पत्र्यांचा आवाज, नंतर आवाजही ऐकू येईनासा करणारा वारा, आणि पाणी. चोवीस तासांत सलालात २७८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे वर्षाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक. माझा डबा संध्याकाळीच उडून गेला होता आणि माझ्या वहीतला त्या दिवसाचा रकाना कोरा आहे. चार दिवसांनी, २९ मे रोजी, मोसमी पाऊस केरळात पोहोचल्याची बातमी आली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लुबान नावाचे दुसरे वादळ येमेनच्या किनाऱ्यावर चढले. लुबान म्हणजे अरबीत वर सांगितलेला धूप. या दोन वादळांनी रुब-अल-खालीत जागोजाग तळी साठली, जेथे कधी हिरवे दिसत नाही तेथे गवत उगवले, आणि त्या ओलसर वाळूत टोळांच्या एकामागून एक पिढ्या वाढल्या. ते टोळ पुढे येमेन, आफ्रिका, इराण, पाकिस्तान असे पसरत गेले आणि २०२० च्या मे महिन्यात विदर्भात संत्र्यांच्या बागांवर टोळधाड आल्याचे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. तिचे मूळ मी शीतगृहात बसून ऐकलेल्या त्या पावसात होते. तेव्हापासून मला आपली आणि येथली हवा वेगळी म्हणवत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले ते सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णा एकाच वेळी चढल्या, बेळगाव जिल्ह्यात आणि तिकडे सांगली-कोल्हापुरात हाहाकार झाला, त्या आठवड्यातली माझी वही मी अलीकडे उघडून पाहिली. तुमच्या वहीत त्या दिवसांचे आकडे स्पष्ट लिहिलेले आहेत, डबा भरून वाहिल्यामुळे दिवसातून तीनदा मोजल्याचेही लिहिले आहे. माझ्या वहीत सातही दिवस फक्त ‘धुके’ एवढाच शब्द आहे. वारा किती जोराचा होता, कोणत्या दिशेचा होता, भुरभुर नेहमीपेक्षा अधिक होती की कमी, काही नाही. तुमच्या पावसावरून माझ्या वाऱ्याबद्दल आणि माझ्या वाऱ्यावरून तुमच्या पावसाबद्दल काही सांगता आले असते, ती संधी माझ्या आळसामुळे हातची गेली याची मला फार चुटपुट लागली आहे. ऑगस्टात येथला वारा मंदावून दोन दिवस ऊन पडते तेव्हा मी तुम्हाला मुद्दाम फोन करतो. कधी तुमच्याकडेही उघडीप असते, कधी नसते. आठवणीवर हे ठरत नाही. त्यासाठी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचता आल्या पाहिजेत.

म्हणून असे करावे असे वाटते. तुमची सकाळची साडेआठची वेळ तशीच राहू द्यावी. येथले घड्याळ दीड तास मागे असल्यामुळे मी त्याच क्षणी, येथल्या सात वाजता, नोंद घेईन. पावसाबरोबर वाऱ्याची दिशा आणि जोरही लिहावा. समर्थने परड्यातल्या मोकळ्या जागेत, आंब्यापासून दूर, वेळूच्या काठीला उंचावर हलके कापड बांधावे आणि ते लोंबते, फडफडते की ताठ राहते एवढे तीन शब्दांत लिहावे. मीही गच्चीवर तसेच कापड बांधले आहे. ढग कोणत्या बाजूने जातात तेही त्याने टिपावे, कारण घराच्या आडोशाने खालचा वारा फसवतो, वरचा फसवत नाही. डब्याच्या जागी आता योग्य पर्जन्यमापक ठेवावा. दिवाळीसाठी निपाणीचा एक सहकारी गावी येत आहे, त्याच्याबरोबर काचेची मापनळी आणि नरसाळे पाठवीत आहे. मात्र जुना डबाही एक वर्ष शेजारीच ठेवून दोन्हींत मोजावे, म्हणजे तुमच्या इतक्या वर्षांच्या आकड्यांशी नवे आकडे जोडता येतील.

ताईने चंदगडला हेच सुरू करण्याची तयारी दाखवली आहे आणि मावशीच्या नातवाला अथणीत विचारून पाहावे असे दादाला सांगितले आहे. तसे झाले तर पुढच्या मृगाला समुद्राच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून आपल्या चार जागा होतील.

येथे हस्त कोरडाच चालला आहे. आज सकाळी सात वाजता कापड लोंबत होते, आकाश निरभ्र, डोंगर स्पष्ट. तुमच्याकडे हत्तीचा पाऊस झाला असेल तर भात पोटरीत असताना तो किती झाला ते कळवावे. आईच्या गुडघ्यांना जपावे. दादांना व वहिनींना नमस्कार, चि. समर्थला आशीर्वाद.

तुमचा,
सदानंद